पाखड, भात आणि तीन गुंठे

मी, मॉरिस आंतोन परेरा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, वनस्पतिशास्त्राचा निवृत्त शिक्षक, राहणार घोडबंदर रोड, ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर लिहीत आहे. गुडघे सोडले तर बाकीचे अवयव अजून माझे ऐकतात. यापूर्वी काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा जॉर्डन व सून जोविटा यांना. मागची खोली मात्र माझी धाकटी बहीण बिट्रिस हयात असेपर्यंत तिची. बांबूची शिडी भंगारात देऊ नये. बांबू हे गवत आहे, हे मी जॉर्डनला तो सहा वर्षांचा असल्यापासून सांगतो आहे. वेताची खुर्ची खुशाल टाकावी. वेत ताडामाडांच्या कुळातला, आमचा नव्हे.

२. वाळवून कागदावर चिकटवलेले गवतांचे सहाशे चाळीस नमुने आणि माझे भिंग विद्यार्थिनी प्राची हिला. ती कल्याणला शिकवते आणि डांबराच्या गोळ्या घालायला विसरत नाही. त्यात एक लव्हाळा आहे. आमचे सहकारी सखाराम सर यांनी तो 'गवत' म्हणून गुपचूप घुसवला आणि मी फसलो की नाही ते पाहत बसले. खोड बोटांत फिरवावे. तीन कडा लागल्या की ते गवत नव्हे. तो कागद सरांना परत करावा. राग नाही, पण विसरलोही नाही.

३. आता एक कबुली. आमच्या उरलेल्या तीन गुंठ्यांत आजीपासूनचे लाल कुसळाचे भात होते. दरवर्षी आगेऱ्याला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, त्याच्याच लोंब्या चर्चमध्ये जातात. सात वर्षांपूर्वी बिट्रिस तापाने पडली आणि बेणणीला, म्हणजे तण काढायला, मी उतरलो. रोपे टवटवीत होती ती ठेवली, किरकोळ वाटली ती उपटली. पंधरा दिवसांनी ती काठी टेकत बांधावर आली, पानाच्या बुडाशी बोट फिरवले आणि म्हणाली, "अरे मॉरिस, एवढा शिकलास न् भात उपटून पाखड ठेवलंस? याला जीभ कुठं हाय?"

खरे होते. भाताच्या पानाला, ते खोडाला बिलगते तिथे, पांढरी पातळ जीभ असते; पाखड या तणाला नसते. ही आकृती मी तेहतीस वर्षे फळ्यावर काढली. हजारो वर्षे माणसाने वेगळे दिसणारे तण उपटले, भातासारखे दिसणारे तेवढे वाचले. असे हे सोंग आपल्याच हातांनी घडवलेले. पण शाळेत कधी न गेलेली माझी बहीण त्याला फसली नाही, मी फसलो. आणि गावभर सांगितले की पीक पाखरांनी खाल्ले. पाखरे निर्दोष आहेत. बिट्रिसने अर्धे बियाणे डब्यात राखले होते म्हणून ते भात आज आहे, आणि तिने सात वर्षांत माझी लबाडी कोणालाही सांगितली नाही.

४. ते तीन गुंठे आणि बियाण्याचा डबा बिट्रिसला, पूर्ण मालकीने.

जॉर्डन, तू म्हणालास, "पप्पा, तिथे तीन गाड्या आरामात लागतील. गवत काय, कुठेपण उगवतं." बाळा, हे गवत कुठेपण उगवत नाही. दोन वर्षे पेरले नाही तर डब्यातल्या डब्यात मरते. गाड्या बिल्डिंगखाली लाव.

शिवाय ते दान नाही. वडील गेल्यावर मी हक्कसोडीचा कागद बिट्रिसपुढे ठेवला आणि म्हणालो, "तू फक्त सही कर, बाकी मी बघतो." सही मीच तिला शिकवली होती. पाटीवर महिनाभर गिरवलेली ती सही तिने इतक्या कौतुकाने केली की मी मान वर केली नाही. पुढे शेत विकले, तिथे टॉवर उभे राहिले, जॉर्डन इंजिनीअर झाला. बिट्रिसने कधी विचारले नाही. मला लाज वाटते, आणि ती तोंडाने सांगायचे धैर्य आजही नाही.

५. साक्षीदारांविषयी. बिट्रिस या क्षणी स्वयंपाकघरात भांडी आपटत आहे. शेजारचा प्रितम सही करणार हे कळल्यापासून तिचे एकच चालू आहे: "मला बी सही येते! परक्यांना बोलावतोस, मी काय मेले?"

वकील रचनाताईंनी मला बजावले आहे की आम्हा ख्रिस्ती लोकांत मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच कागदाने दिलेले काही मिळत नाही. बिट्रिस, तुझ्या सहीने एकदा तुझी जमीन गेली. हवे तेवढे रागाव, पण या कागदाला हात लावू नकोस.

मॉरिस आंतोन परेरा (सही)

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. आम्हाला यातून काहीही मिळणार नाही, चहासुद्धा अजून मिळालेला नाही:
१. प्रितम दौलत भोईर (सही)
२. शिवानी राकेश म्हात्रे (सही)

ठाणे, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५