पिसाची गरी

काका, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही पुरता जात नाही. सौदीतल्या रास तनुराच्या कॅम्पात आठवड्याची एकच सुट्टी, शुक्रवार. माणूस झोपेल, कपडे धुईल. तुम्ही मात्र मला पहाटे उठवून समुद्रावर, दगडांच्या बांधावर नेणार. तुम्ही फोरमन, मी तुमच्या हाताखालचा वेल्डर, सांगतो कुणाला! तुमच्या गरीला आमिष नसायचं. कबुतराचं पीस बारीक दोऱ्याने असं बांधायचात की पाण्यात ते कोळंबीच्या पोरासारखं पळावं. गावच्या खाडीवर वडिलांनी शिकवलं, म्हणायचात. मी घाटावरचा, मला मासा फक्त ताटातला माहीत. माझा हात जरा थांबला की तुम्ही खेकसायचात, ‘‘अरे मेल्या, पीस थांबलां की माशाक कळतां. हलवत ऱ्हव!’’

त्या शुक्रवारी तुम्ही माझ्यापासून थोड्या अंतरावर दगडाला टेकून बसला आहात. छातीत जळजळतंय म्हणालात आणि आदल्या रात्रीच्या बिर्याणीला दोन शिव्या घातल्यात. दोरी बोटाला गुंडाळलेली. बोट हलतंय, थांबतंय, पुन्हा हलतंय, म्हणून मी निवांत. मग हाक मारली, तुम्ही ओ दिली नाहीत. जवळ आलो तर तुमचं बोट मासा हलवत होता. मी दोरी कापून टाकली आणि कुणी गाडीवाला दिसतो का म्हणून रस्त्याकडे धावलो.

तुमच्या धाकट्या भावाला मीच फोन केला. ते रडले, मग म्हणाले, ‘‘वहिनीक एकदम सांगा नको. सीरियस आसत म्हणा. बॉडी येतली तेव्हा आमी सांगू.’’ आपल्याकडे असंच करतात, म्हणून मीही हो म्हणालो. पण इकडे कफीलची, म्हणजे आपल्या अरब मालकाची सही, पोलिसांचा कागद, वकिलातीचा कागद. तुम्ही शवागारात आणि मी रोज संध्याकाळी टेलिफोन बूथमध्ये, गावी काकींना फोन लावत. काकी विचारायच्या, ‘‘आज काय जेवले?’’ आधी मी सलाईन सांगितलं, मग पेज. पुढे तुम्हाला उठून बसवलं, तुमची दाढी केली, नर्सवर खेकसायलाही लावलं. त्यावर काकी चक्क हसल्या. हे हसू आपणच मारणार आहोत या भीतीने माझी झोप उडाली.

शवपेटी दमामच्या विमानतळावरून निघाली तेव्हा भावाने त्यांना सांगितलं. मी शिव्या खायच्या तयारीने फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘माका पयल्याच दिवशी कळलां होतां. फोन तेंच्या हातात एकदाय दिलस नाय. पण तू सांगी होतस, तेवढे दिवस ते जेवी होते.’’

काकी अजून आहेत, म्हणून हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर टाकणार नाही. एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितलेली नाही. गावी तुम्हाला अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी माझे पाय आपोआप बूथकडे वळले. काकींनी फोन उचलला. मग मीच म्हणालो, ‘‘आज भात खाल्ला त्यांनी.’’

‘‘भाताबरोबर काय होतां?’’ त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.