आईच्या गुडघ्यांसाठी तेल

श्रीरामपूर
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय सीमाताईस,

भीमराजचा सप्रेम जयभीम. दाजींनाही सांग. पोरांना मुका.

फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे, म्हणून पत्र. पोस्टात बहिणीला पाठवायला पाकीट मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, राखी कधीच होऊन गेली.

मी बरा आहे. एका मंडपवाल्याच्या टेम्पोवर काम आहे. बांबू, पडदे, खुर्च्या. त्याआधी कोपरगावला होतो. तिथं गोदावरी एवढी रुंद आहे की आपल्या जामखेडकडच्या माणसाला एवढं पाणी बघून घाबरायला होतं. पण नदीचं सांगत बसलो तर पान भरेल.

सांगायचं हे की यंदा वर्षावासाचे तिन्ही महिने मी धम्माचा ग्रंथ वाचतोय. हसू नकोस. नववी नापास माणूस, रोज संध्याकाळी विहारात, पांढरा सदरा घालून.

झालं असं. आषाढी पौर्णिमेला इथल्या एका वस्तीत विहारापुढं ताडपत्री बांधायला गेलो. दरवर्षी वाचणारे गुरुजी मुलाकडं पुण्याला गेलेले. बाया ओळीनं बसलेल्या, ग्रंथ समोर उघडलेला, वाचणारं कुणी नाही. आक्काबाई म्हणून एक म्हातारी आहे, विहाराचं सगळं तीच बघते. मला शिडीवर बघून म्हणाली, "वाचता येतं का रं तुला?" मी म्हणलो, थोडं थोडं. "मग उतर खाली."

पहिल्या दिवशी मी ग्रंथ एवढा पळवला की एकीनं विचारलं, एष्टी गाठायचीय का? सगळ्या हसल्या. तरी दुसऱ्या संध्याकाळी मी परत गेलो. तेव्हापासून काम राहुरीला असो नाहीतर बेलापूरला, दिवस मावळायला मी विहारात. ताई, मी एका जागी एवढा कधी टिकलो होतो का?

तिथं काय आहे ते नीट सांगता येत नाही. प्रत्येकीचं काहीतरी मोडलेलं आहे. एकीचा नवरा उसाच्या ट्रॉलीखाली गेला. एकीची पोरगी सासरहून परत आली ती बोलतच नाही. कुणी कुणाला समजावत नाही. त्रिशरण, पंचशील होतं, मी वाचतो, मग चहा. दुःखाचं पान आलं की त्या मान हलवतात, ओळखीच्या माणसाचा विषय निघाल्यासारखी. घरी जाताना मात्र जराशा हलक्या चालतात. मीपण.

आई म्हणायची, एक वर्ष तू वाच, मला ऐकायचंय. तिला अक्षर येत नव्हतं. मी दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचो. आता दुसऱ्यांच्या आया ऐकतात.

पहिल्याच आठवड्यात आक्काबाईनं विचारलं, आई हाय का? मी म्हणलो, हाय.

एवढंच. ठरवून नव्हतं, तोंडातून आलं. तब्येत कशी म्हणाली, तर सांगितलं, गुडघे दुखतात. ते तरी खरंच होतं ना. दोन दिवसांनी तिनं लसूण घालून कढवलेलं तेल दिलं, आईला पाठव म्हणाली. मग दुसरीनं सुंठीचे लाडू. मग रोजच कुणीतरी विचारायचं आणि मी सांगायचो, आज जरा चालली, आज दारात बसलेली. तुला राग येईल, पण मला ते सांगायला बरं वाटायचं. गावात आई गेली होती. इथं ती दारात बसत होती. तेलाच्या बाटल्या माझ्या पिशवीत साठल्यात. लाडू मी खाल्ले.

आता या वस्तीत रीत अशी, की जो वर्षावासभर वाचतो त्याच्या आईला समारोपाला, आश्विन पौर्णिमेला, पांढरं पातळ देऊन पुढं बसवतात आणि खीर तिच्या हातानं वाटायला सुरुवात करतात. पातळ आणूनसुद्धा झालं. गेल्या आठवड्यात आक्काबाईनं माझ्या हातात खडू दिला, म्हणाली, फळ्यावर समारोपाचं लिही, आईचं नाव घाल.

मी 'राहीबाई' लिहिलं आणि हात थांबला. का, ते तुलाच कळेल. गावात आईला निरोप द्यायला सगळे जमले, त्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माईकवर तिच्या नावाआधी पहिल्यांदा 'कालकथित' म्हणाले, तेव्हाच मी खिरीला दूध आणतो म्हणून उठलो होतो. स्टँडवर नगरची गाडी लागलेली होती. सगळ्यांपुढं तू एकटी उभी राहिलीस.

आक्काबाईला सांगितलं, आई फेब्रुवारीतच गेली. तिनं माझ्या हातातला खडू काढून घेतला. मग म्हणाली, "म्हंजी मेलेल्या बाईचं गुडघं चोळीत हुते व्हय मी." मला वाटलं, हाकलणार. पिशवी उचललीपण. तर म्हणाली, "बस खाली. पळायची सवयच हाय तुला, दिसतंय."

बाकीच्या बायांना मलाच सांगायला लावलं. एक रडली. एक अजून माझ्याशी बोलत नाही. पण त्या संध्याकाळी मी वाचायला बसलो तेव्हा तीसुद्धा तिच्या जागेवर होती.

आता त्यांच्या मनात आहे की समारोपाआधी आईचं पुण्यानुमोदन इथं करायचं. मी पुढं बसायचं आणि शेवटपर्यंत उठायचं नाही. पण आक्काबाईची अट आहे. "तुझ्या भैनीनं एकटीनं निभावलंय सगळं. ती व्हय म्हणली तर करू. तिच्या माघारी न्हाई."

म्हणून विचारतो. पौर्णिमा सहा ऑक्टोबरला की सातला, यावर इथं वाद चाललाय. तू सहाच्या दुपारपर्यंत ये. नगरला गाडी बदलावी लागेल. आईचं पातळ तू घ्यावंस असं बायांचं म्हणणं आहे, पण ते तू ठरव.

माझ्यासाठी येऊ नकोस. माफ कर असं दोनदा लिहून खोडलं, ते पोस्टानं मागायचं नसतं. तू नाही आलीस तर आईचं पुण्यानुमोदन इथं होणार नाही, मी नुसता ग्रंथ पूर्ण करीन. तेही कबूल आहे. पण आलीस, आज किंवा आणखी वर्षानं, तर या वस्तीत विचार, पत्ता पाकिटावर लिहिलाय. मी कुठं निघून गेलोय असं कुणी तुला सांगणार नाही.

न सांगता गेलेला, या वेळी सांगून थांबलेला,
तुझा भीमराज