स्टँडवरचा फ्लेक्स

मंगळवार, मुरुड

जीव नुसता जळतोय, म्हणून लिहायला बसले. दुपारी इंग्लंडहून माझ्या आरतीचा फोन आला, नर्स आहे ती तिथं. बाहेरच्या देशातली नर्स ठेवायची तर मालकाला अमुक इतका पगार द्यावाच लागतो, असा कायदाच आहे तिथं. म्हणून तर भाऊजींनी हौसेनं स्टँडवर तिचा फ्लेक्स लावला, पगाराच्या आकड्यासकट. अन् मालक काय करतो? पूर्ण पगार खात्यात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी निम्मा रोख परत मागून घेतो! मग कायदा केला कुणासाठी?

“तक्रार कर!” मी ओरडलेच.

“आई, तक्रार केली तर बाहेरची माणसं ठेवायचं त्याचं लायसन जाईल, अन् त्याच्यासंगं माझा व्हिसाबी. परत यावं लागंल.”

म्हणजे चोरी त्यानं करायची अन् हाकलणार माझ्या पोरीला!

संध्याकाळी भाजीला गेले, तर नेमकं त्या फ्लेक्सखालीच शेजारच्या सुमनबाईंनी गाठलं. “खरंच का वो इतका पगार? माझ्या पोरीलाबी धाडावं म्हणते.”

“हाव, खात्यात तितकाच येतो,” म्हणाले मी.

तो मालकही तिथल्या सरकारला हेच सांगत असेल.