बाईंची तेलुगू

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले ते घरातल्या कुठल्या गोष्टीसाठी नाही, शाळेसाठी. तुला ते आवडलं असतं. घरच्या गोष्टी तू नेहमी उद्यावर टाकायचीस.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची ती वर्षं. स्टेशनाला लागून असलेलं ते गाव, पत्र्याची शाळा. तू पहिलीला शिकवायचीस, मी चौथीत होते. घरी आई आणि शाळेत बाई. चुकून शाळेत आई म्हटलं तर तू ऐकलंच नाही असं करायचीस. तुझ्या वर्गात तेव्हा दरवर्षी पोरं वाढत होती. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमनांची कुटुंबं तेलंगणातून येऊन रेल्वेच्या क्वार्टरात राहिली होती, त्यांची पोरं तेलुगू बोलायची. तांड्यावरची बंजाऱ्यांची गोरमाटी बोलायची, मोहल्ल्यातली दखनी. सगळ्यांच्या हातात पुस्तक मात्र एकच, मराठीचं. त्या वर्गात एका गँगमनची मुलगी होती, पहिलीतच दुसऱ्यांदा बसलेली. तोंडातून शब्द काढायची नाही. मधल्या सुट्टीत भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

एकदा तू भाकरी थापत होतीस आणि मी म्हणाले, "ती लय मठ्ठ हाय." तुझा हात थांबला. तू मला मारलं नाहीस, पण तव्यावरची भाकरी करपली तरी तू माझ्याकडे बघत राहिलीस. "तुझ्या आजोबाला बी मास्तर मठ्ठच म्हणायचा," तू म्हणालीस. "निजामाच्या राज्यात समदं उर्दूत. वर्गात काय चाललंय ते त्याला कळायचं न्हाई. शाळा सोडली आन् जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबला." मग नुसतं एवढंच: "पुन्हा तो शब्द तोंडात आणू नको."

त्यानंतर तू शाळा सुटली की क्वार्टरांकडे जायला लागलीस. मला सोबत न्यायचीस. त्या मुलीची आई दारात तांदूळ निवडत बसलेली असे, तू तिच्यासमोर पायरीवर बसायचीस. बोट दाखवून विचारायचीस, हे काय, ते काय. पाण्याला नीळ्ळु. तुझ्या तोंडून तो शब्द काही नीट निघेना, ती बाई पदर तोंडाला लावून हसायची आणि पुन्हा सांगायची. तूही हसायचीस. घरी तुला तसं हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं.

हळूहळू वर्ग बदलला. तू फळ्याजवळ पाण्याची कळशी ठेवतेस, आधी ज्याच्या त्याच्या भाषेत विचारतेस, मग मराठी शब्द सांगतेस, आणि सगळी पोरं तो एका सुरात म्हणतात. मोहल्ल्यातला एकजण आधी नुसता "मेरेकू समजा नै, बाई" म्हणायचा, तो आता इतरांना समजावून सांगतो. आणि एका दुपारी ती मुलगी उभी राहिली. तू तिला तेलुगूतून घरच्या शेळीबद्दल विचारलं होतंस. ती बोलायला लागली ती थांबेचना. हात हलवून, डोळे मोठे करून, बहुधा शेळी रुळावर गेली होती त्याचं काहीतरी. आमच्या वर्गातली पोरंसुद्धा खिडकीशी जमली. कुणाला फार कळत नव्हतं आणि कुणी हसत नव्हतं. तू खुर्चीत बसून ऐकत होतीस.

संक्रांतीनंतर तपासणीला साहेब आले. पुस्तकातल्या गाईच्या चित्रावर बोट ठेवून त्यांनी नेमकं तिलाच विचारलं, "हे काय?" ती चटकन म्हणाली, "आवु." सोबतचे दोघे हसले. तू म्हणालीस, "उत्तर बरोबर हाय, साहेब. तेलुगूत गाईला आवु म्हणतात. मराठी शब्द बी येतो तिला, जरा थांबा."

साहेब थांबले नाहीत. "बाई, ही मराठी शाळा आहे. तुम्ही पोरांना मराठी शिकवायची, का पोरांकडून तेलुगू शिकायची?"

"दोन्ही करायलेय, साहेब."

तू हे उद्धटपणे म्हणाली नव्हतीस. पण हेडमास्तरांची मान खाली गेली ती मला दारातून दिसली. वर्ष संपायच्या आत तुझी बदली पेडगावला झाली. सामान बैलगाडीत भरताना ती मुलगी आणि तिची आई आल्या होत्या. तू दोघींशी तेलुगूतच बोललीस. काय बोललीस ते मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी एका रविवारी तू मला घेऊन पॅसेंजरनं त्या जुन्या गावी गेलीस. क्वार्टरासमोर ती मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिची आई मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "शाळा नको बोलते. नवीन मास्तर तिच्या बोलण्याला हसते. पोरं पण हसते." क्वार्टरातली बाकीची पोरंही एकेक करून घरी बसली होती. तू त्या मुलीकडे हात केलास आणि म्हणालीस, "इक्कड रा." इकडे ये. तिनं तुझ्याकडे पाहिलं. ओळख नाही असं नव्हतं. मग ती भावाला घेऊन आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. तू थोडा वेळ तशीच उभी होतीस, हात पुढे केलेला.

परतीच्या गाडीत तू खिडकीबाहेर बघत होतीस. त्यानंतर तुझ्या तोंडून तेलुगूचा एकही शब्द मी ऐकला नाही. पेडगावच्या शाळेत तू पुस्तकाप्रमाणे शिकवलंस, वेळेवर गेलीस, वेळेवर आलीस. पुढं कधी कुणी साहेब तुझ्यावर रागावल्याचं ऐकलं नाही. त्या मुलीचं लग्न लवकर झालं आणि ती तेलंगणातच कुठं तरी गेली, एवढं कानावर आलं होतं. मी ते तुला सांगितलं तेव्हा तू "बरं" म्हणालीस आणि उठून दिवा लावलास.

मी पण शिक्षिकाच झाले, हे तुला ठाऊक आहे. आता माझी थोडीच नोकरी उरली आहे. गेल्या आठवड्यात परभणीला आमचं प्रशिक्षण होतं. एका तरुण मुलानं पडद्यावर चित्रं दाखवत समजावलं, की मूल घरी जी भाषा बोलतं तिथून सुरुवात करायची, त्याचा शब्द चुकीचा म्हणायचा नाही, शिक्षकानं पालकांकडून ती भाषा शिकून घ्यायची. वरून तसा आदेशच आला आहे. सगळे माना डोलवत होते. शेवटी त्यानं विचारलं, "तुमच्यापैकी कुणी असं शिकवताना प्रत्यक्ष पाहिलंय का?"

आई, मी हात वर केला नाही.