साडेसोळा इंच

सोमवार, ३ ऑगस्ट १८७४

सगळ्यांत आधी उगवली ती लोहाराची बायको, मुरंब्याची बरणी काखेत मारून. तिच्यामागून खाणीवरच्या मुकादमाची मेहुणी. ती म्हणे कुणाच्याही घरी पहिली जात नाही, नाक वर करून वागायची सवय. मी शनिवारी टपालगाडीतून उतरले काय, अन् अख्ख्या गावाला जज्जसाहेबाची आई बघायची घाई झाली! हाडं खिळखिळी झालीत, पण मन कसं हरखून गेलंय. माझा अ‍ॅन्सेल या मॉन्टानाचा न्यायाधीश, दोनशे मैलांत त्याच्या शब्दापुढे शब्द नाही. तो स्वतः मात्र खटल्यांच्या फेरीवर गेलाय, गुरुवारी परत यायचा. कोर्ट घरातच भरतं, पुढच्या खोलीत. बाक तेच, पाहुणेही त्याच बाकावर. नात ऑर्फा सहा वर्षांची, माझ्या लोकरीच्या गुंड्याला मांजर समजते. सूनबाईने कोर्टाची एक अर्धी कोरी वही दिली, म्हणाली, लिहा सासूबाई, मनातलं. माझं शिक्षण दोन हिवाळ्यांचं, पण लिहिते.

हां, तर सगळ्यांत आवडले ते शेवटी आलेले. हॅस्केटबाई आणि तिचे दोन तरणे मुलगे, एनॉस नि ज्यूड. सूनबाई डोकं दुखतं म्हणून वर निजली होती, मीच बसवलं त्यांना. गुणी पोरं! या उकाड्यातही गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. दोघांची मान एकाच बाजूला कललेली. मला वाटलं कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून ओरडून बोलले. घसे इतके बसलेले की शब्द फुटेना. मी म्हटलं, गळपट्टे विणून देते, लोकरीसारखं औषध नाही. लगेच दोऱ्याने मापं घेतली. ज्यूडच्या कॉलरवरून दोरा फिरवताना बोट आत कुठेतरी रुतलं, खाचेत रुतावं तसं. वाळलाय बिचारा.

आता इकडची रीत अशी, की लोकर घेतली तर लोकरच परत द्यायची. हॅस्केटबाई म्हणाली, मग तुमच्या लेकाचं माप सांगा, मीही काहीतरी करीन त्याला. मला काय, विचारायचाच अवकाश! त्याचा प्रत्येक सदरा मी शिवलाय. साडेसोळा इंच, म्हटलं, बापासारखी मान. तिने करड्या दोऱ्याला गाठ मारून ठेवली. कॉफीला मात्र तिघांनी हात लावला नाही.

गुरुवार, ६ ऑगस्ट

अ‍ॅन्सेल आला! मला उचलून गोल फिरवलं, एवढा मोठा जज्ज! मी आणलेले सहा नवे सदरे त्याला दिले, पण कॉलर काही बसेना. अगं आई, हात थकले तुझे, म्हणून चिडवलं मला. मी पट्टी लावून पाहिली. कॉलरी साडेसोळाच आहेत.

सकाळी गळपट्टे विणून झाले होते. अंगणातच होती हॅस्केटबाई, तिच्या हाती दिले. कोणत्या घरात राहता विचारलं, तर टेकडीमागे म्हणाली. टेकडीमागे घर दिसलं नाही मला.

सोमवार, १० ऑगस्ट

अ‍ॅन्सेलला खोकला. जुन्या सदऱ्यांचीही गुंडी लागत नाही. आज निकाल वाचताना दोनदा थांबला, पाणी मागितलं. गळ्याभोवती एक करडी रेघ उमटलीय, मी साबणाने घासली. निघत नाही.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

जेवताना सहज म्हणून गेले, हॅस्केटांच्या पोरांना गळपट्टे बरे झाले असतील का. सूनबाईच्या हातून डाव पडला. अ‍ॅन्सेलने हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाला, हे नाव तुला कुणी सांगितलं?

एनॉस आणि ज्यूडला त्यानेच फाशी दिली. एप्रिलात, शुक्रवारी, इथे फाशी शुक्रवारीच होते. टपालगाडीवानाच्या खुनाबद्दल. त्यांची आई याच खोलीत उभी राहून म्हणाली होती, फक्त एक दिवस थांबा. खुनाच्या दिवशी पोरं तापाने फणफणली होती, औषध देणारा डॉक्टर गाडीने येतोय साक्षीला. अ‍ॅन्सेल म्हणाला, कोर्टाची तारीख हलत नाही. ती म्हणाली, मग मला लटकवा. तर म्हणाला, कायद्यात अदलाबदल नसते.

डॉक्टर शनिवारी आला.

मे महिन्यात तीही गेली. तिघं टेकडीमागे पुरलेली आहेत.

मंगळवार, १८ ऑगस्ट

रेघ जांभळी झाली. डॉक्टरला काही कळत नाही. मी म्हटलं, आपण निघून जाऊ पूर्वेला. नाही म्हणाला, जज्ज पळाला असं होईल. मान जराशी कललीय त्याची. डावीकडे, त्या दोघांसारखी —

मीच सांगितलं माप. मीच.

गुरुवार, २० ऑगस्ट

आले तिघं. भर दुपारी. पोरांच्या गळ्यात माझे गळपट्टे. बाकावर बसले — इतकी उंच पोरं, पण पाय जमिनीला टेकत नव्हते. आधी कसं दिसलं नाही मला.

तिने पुडी उघडली. करड्या लोकरीचा दोर, जाड, घट्ट विणीचा. एका टोकाला गाठ. उद्या शुक्रवार, म्हणाली.

मी माझी मान पुढे केली. म्हटलं, माझी घे, मी म्हातारी आहे. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, बाई, कायद्यात अदलाबदल नसते.

मग मी गुडघ्यांवर बसले. एक दिवस, म्हटलं. फक्त एक दिवस दे.

तिने माझ्याकडे पाहिलं. पोरांनीही मान वळवली — कशी वळवली ते लिहवत नाही. म्हणाली, त्याने नाही दिला. मी देते. माझी पोरं निर्दोष होती हे त्याने लिहावं, आणि याच खोलीत गावासमोर त्यानेच वाचावं. आम्ही शनिवारी येतो.

शुक्रवार, २१ ऑगस्ट

अ‍ॅन्सेलला सगळं सांगितलं, कागद पुढे ठेवला. एक ओळ लिहितो, फाडतो. म्हणतो, हा निकाल चुकला म्हटलं तर बाकीच्यांचं काय, आई? मी म्हटलं, तुझ्या गळ्याचं काय? सूनबाई रडते. त्याला आता पाणीही उतरत नाही.

चार कागद फाडले.

शनिवार

लोहार, त्याची बायको, सगळे खोलीच्या दारात जमलेत. अ‍ॅन्सेल उभा आहे, हातात कागद — लिहिलं शेवटी, पूर्ण लिहिलं — पण आवाज फुटत नाही. घसा —

मी वाचते म्हटलं. नाही, म्हणतो, मानेनेच. त्यानेच वाचायचंय. ओठ हलतात नुसते —

बाक करकरला. रिकामाच आहे बा —

वाच रे बाळा, वाच. ती म्हणाली होती, आम्ही शनिवारी येतो. आज शन