हजारातले चोपन्न

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे आणि वहिनींचा गुडघा काय म्हणतो ते कळवावे. इकडे सर्व ठीक, म्हणजे आता ठीक. मध्यंतरी एकवीस दिवस मी मनाने स्वर्गवासी होतो.

झालं असं. आमच्या छापखान्यात आरोग्य खात्याची माणसं आली आणि पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या हातात अंगठ्याएवढी बाटली ठेवून गेली. आतड्यात गाठ वाढत असेल तर शौचातून डोळ्यांना न दिसणारं रक्त जातं, ते हुडकायचं. (नमुना कसा घेतला ते लिहीत नाही, तुम्ही वडीलधारे. चिमूटभर हवा होता आणि कमी पडायला नको म्हणून मी... असो.) पंधरवड्याने चिठ्ठी आली: "रक्त आढळले." दादा, तीस वर्षं मी छापायच्या मजकुरातल्या चुका शोधून पोट भरतोय, पण त्या दोन शब्दांत चूक सापडेना. मी हिला कपाटाच्या किल्ल्या दाखवल्या, शेजाऱ्याशी सात वर्षं धरलेला अबोला सोडला (त्याने लगेच आमची शिडी मागून नेली) आणि रोज आरशात गालफडं बसली का ते पाहू लागलो. ही म्हणाली, "बसली नाहीत, चांगली वर आलीत. जेवायला चला."

दवाखान्यात सिस्टरना विचारलं, "माझ्याकडे किती दिवस आहेत?" त्या म्हणाल्या, "दिवस कसले? दुपारी घरी जाल." मग माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला. हजार माणसं तपासली, तर त्यात खरा आजार साधारण पाच जणांना. बाटली त्यातल्या चौघांना पकडते, एक निसटतो. आणि ज्यांना काहीच नाही अशाही पन्नासेक जणांना ती उगाच धरते. म्हणजे धरलेले चोपन्न, खरे चारच. "मग ही कसली तपासणी?" मी म्हणालो. "चाळणी आहे ही," त्या म्हणाल्या, "निकाल नव्हे. हजार जणांच्या पोटात दुर्बीण कशी घालणार? चोपन्न जणांच्या घालता येते." मी थक्क झालो. एकवीस दिवस मी ज्या कागदाच्या पुढच्या बाजूला मेलो होतो, त्याच्या मागच्या बाजूला जगण्याची एवढी जागा होती!

आणि मग ती दुर्बीण. (आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध देतात. त्याबद्दलही असो.) पडद्यावर माझंच आतडं दिसलं. दादा, गुलाबी, ओलसर, वळणावळणाचा बोगदा! छप्पन वर्षं अंधारात, कुणाच्या शाबासकीवाचून, तिथे काम चाललंय. आणि मी मालक असून एकदाही विचारपूस केली नव्हती. मी मनोमन हात जोडले. काहीही निघालं नाही. मी अजिबात घाबरलो नव्हतो.

दवाखान्यात माझ्या शेजारी बाकावर आमचा मशीनमन होता, त्यालाही तीच चिठ्ठी. भूक उत्तम, दुखणं शून्य, सारखा माझी चेष्टा. त्याच्यात छोटी गाठ निघाली. वेळेत निघाली, म्हणून काढता आली. परवा तो कामावर आला आणि छापून निघालेला पहिला फर्मा उजेडात धरून त्याने दोन्ही बाजूंनी पाहिला. सगळी लक्षणं मला होती आणि आजार त्याला.

वहिनींना नमस्कार.

आपला,
धाकटा

ता. क. वहिनींनी हिला फोनवर सांगितलं की, तुम्हाला दोन महिने रक्त पडतंय, आणि "माझी बाटली स्वच्छ आली, मूळव्याध असेल" म्हणून तुम्ही गप्प आहात. मी सिस्टरना विचारलं. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, बाटली काहीच त्रास नसणाऱ्यांसाठी असते; रक्त दिसतंय त्याने बाटलीकडे बघायचं नाही, सरळ डॉक्टरकडे यायचं. गुरुवारी सकाळी नऊची वेळ घेतली आहे. बुधवारीच आमच्याकडे या.

ता. क. २. मी घाबरलो नव्हतो हे खोटं आहे. सिस्टरांचा हात मी असा आवळला की, त्यांना घड्याळ दुसऱ्या मनगटावर घालावं लागलं. तुमच्या वेळी मी शेजारी उभा असेन. माझा हात आवळा. मी घड्याळ घालत नाही.