शेवंता काकूंच्या नावाचा बोर्ड

१२ जानेवारी, रविवार
शेवंता काकूंचा दुसरा स्मृतिदिन. सकाळी विहारात वंदना झाल्यावर सोनावणे काकांनी गेल्या वर्षीप्रमाणे अभ्यासिकेतल्या बोर्डाला फुलांची माळ घातली. हा एक्स्टेंशन बोर्ड त्यांनी निवृत्तीनंतर स्वतःच्या हाताने केलेला. सागवानी पेटी, सहा सॉकेट, पितळी स्क्रू, आणि वर पांढऱ्या रंगात: ‘कालकथित शेवंताबाई सोनावणे यांच्या स्मरणार्थ’. विहाराची मागची खोली हीच अभ्यासिका. भिंतीत सॉकेट एकच, त्यामुळे सारे याच बोर्डावर.
किल्ली माझ्याकडे असते. संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी माळ उचलली. एका टोकाची फुले तपकिरी आणि कडक, बाकीची टवटवीत. त्या टोकाला दिवसभर चहाची किटली लावलेली होती. बोर्डाला हात लावला, गरम. वायर सतरंजीखालून जाते, तिथे सतरंजीसुद्धा कोमट.


१३ जाने., सोमवार
मैत्रिणीला, मनीषाला सांगितले. ती नर्सिंगला आहे, स्वभावाने माझ्या अगदी उलट. “मग काढून फेक ना तो बोर्ड! दिवा स्टेशनजवळ काय दुकानं नाहीत?” म्हटले, त्यावर काकूंचे नाव आहे. ती गप्प झाली. मनीषा गप्प झाली म्हणजे गोष्ट कठीण आहे.
दहावीच्या अकरा मुली रोज येतात. परीक्षा महिन्यावर आली. घरी एका खोलीत पाच माणसे आणि टीव्ही. अभ्यासिका बंद झाली तर त्यांनी बसायचे कुठे? आणि चालू ठेवावी, तर त्याच सतरंजीवर बसतात.
किटलीखालची पट्टी वाचली. १५०० वॅट. भागिले २३०, म्हणजे साडेसहा अँपिअर. सॉकेट सहाचे. बारावीत अशा गणितांना पैकीच्या पैकी गुण घेतले, आणि वर्षभर रोज त्याच बोर्डावर चहा केला.

१४ जाने.
मुली येण्यापूर्वी मेन स्विच बंद करून पेटी उघडली. आतले काम पाहून वाईटच वाटले, इतके नेटके. प्रत्येक जोड पिळून, टेप लावून. पण वायर बारीक, टेबलफॅनला असते तशी, आणि दोनच तारांची. तिसरी, अर्थिंगची, नाहीच. सॉकेटचे वरचे मोठे भोक नुसतेच. एकामागचे प्लास्टिक काळपट झालेले.
म्हणूनच बहुधा अभ्यासिकेतला जुना कॉम्प्युटर शॉक देतो. पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात. मुली म्हणतात, “चावतो गं तो!” विहारात चपला चालत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी रबरी चपलांचा एक स्वच्छ जोड आत ठेवलेला आहे. त्या घालायच्या आणि सराव प्रश्नपत्रिका सोडवायच्या. दोन वर्षे आम्ही सर्वांनी ही सोय मानली. मीही.
किटली घरी आणली. मुलींना सांगितले, गळते. खोटे.

१६ जाने., गुरुवार
काकांकडे गेले, सांगायचेच असे ठरवून.
“या, अभ्यासिकेच्या बाईसाहेब! बोर्ड कसा चाललाय?”
“छान.”
चहा प्याले आणि परत आले.

१८ जाने., शनिवार
मनीषाबरोबर ठाण्याला, विजेच्या सामानाच्या दुकानात. दुकानदाराने आधी निळ्या दिव्यांचा, दहा सॉकेटांचा बोर्ड पुढे केला. “सगळे हाच नेतात ताई.” म. म्हणाली, “रोषणाई लग्नात करू. आत काय आहे ते दाखवा.”
मी हळूच विचारले, तार तिपदरी आहे का, जाडी किती.
“काय?”
“थ्री कोअर आहे का, किती एमएमची, विचारतेय ती,” म. ओरडली.
“बोर्ड घ्यायचाय का पीएचडी करायचीय?” पण मग त्याने मागच्या फळीवरचे तीन काढले. चांगला माणूस निघाला. वायरीच्या अंगावरच जाडी छापलेली असते, हे त्याने दाखवले; एकावर काहीच छापलेले नव्हते, तो त्याने स्वतःच बाजूला ठेवला. कोणतीही पिन बसेल अशा सॉकेटात पिन घालून बोर्ड उलटा केला, पिन गळून पडली. “ढिली पिन म्हणजे ठिणगी. हे लोकांना कळत नाय.” ISI शिक्क्याखाली परवान्याचा क्रमांक नसेल तर शिक्का नुसता रंग, असेही म्हणाला.
घेतला तो पांढरा, साधा. सॉकेट चारच, भोकांना आतून झडप, तीन तारा, दीड एमएम, भार वाढला तर आपोआप तुटणारे बटण. वायर तीन मीटर, म्हणजे भिंतीकडेने नेता येईल, सतरंजीखाली नाही. निघताना त्याने बजावले, “याला दुसरा बोर्ड जोडू नका, आणि वायर गुंडाळून ठेवू नका.” किटली कायमची घरी. चहा थर्मासमध्ये.

१९ जाने.
तोंडाने जमणार नाही. काकांना पत्र लिहिले. पहिल्या तीन मसुद्यांत ‘तुमच्या कामात दोष नाही, फक्त भार वाढला’ असे वाक्य होते. चौथ्यात काढले, कारण ते खरे नाही. दाराखालून सरकवून आले.

२० जाने.
आज नवा बोर्ड लावला. जुना कपाटावर ठेवला, नाव वर राहील असा.

२१ जाने., मंगळवार
संध्याकाळी काका आले. हातात टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरमध्ये बल्ब आणि त्याच्या दोन उघड्या तारा. माझ्याकडे पाहिले नाही. “उठा गं पोरींनो जरा.”
नवा बोर्ड तळहातावर तोलला. “वायर बरी आहे.” मग पेचकसाने झडप सरकवून तारा सॉकेटच्या खालच्या दोन भोकांत, बल्ब लागला. एक तार खालीच ठेवून दुसरी वरच्या मोठ्या, अर्थिंगच्या भोकात, नाही लागला. पुन्हा. नाही.
मी म्हटले, “बोर्ड खराब निघाला का?”
काकांनी पिन उपटून तारा थेट भिंतीच्या सॉकेटात लावल्या. तिथेही तेच. मग गुडघे धरून खाली बसले.
“बोर्डाला काय झालं नाय. भिंतीतच अर्थिंग नाय. आणि हे वायरिंग माझंच. विहार बांधला तेव्हा दोन रविवारांत ओढलं. म्हटलं, अर्थिंगची तार जमिनीत गाडायचा खड्डा नंतर मारू. नंतर कोण मारतंय?”
मी आठवडाभर बोर्डच पाहत होते. भिंतीला विचारायचे मला सुचले नाही.
मोबाइलचे दोन पिनांचे चार्जर चालतील, कॉम्प्युटर बंद, असे त्यांनी मुलींना सांगितले. जुन्या बोर्डाची पिन पकडीने सर्वांसमोर तोडली आणि तो काखेत घेतला. दारात थांबून मला म्हणाले, “पत्र गोड नाय लिहिलंस. बरं केलंस.”

२३ जाने., गुरुवार
खड्ड्यासाठी कमिटीची परवानगी लागते. अध्यक्षांना भेटले, म्हणजे मनीषा भेटली, मी शेजारी उभी. “परीक्षा होऊ दे, मग बघू. इतकी वर्षं कोणाला काय झालं का?”
आज कॉम्प्युटरवर चपला घालून एक मुलगी बसलेली सापडली. “ताई, पेपर राहिलेत माझे.” कॉम्प्युटरची वायर काढून घरी आणली. ती रडली.

२५ जाने., शनिवार
काका घरी आले. उंबऱ्यातूनच, “कमिटीला अर्ज लिही. खड्डा आत्ताच. आणि त्यात लिही, वायरिंग सोनावणेने केलं, अर्थिंग त्याने सोडलं.”
“काका, ते कशाला?”
“नाय लिहिलंस तर म्हणतील, पोरीला पुस्तकी शहाणपण सुचलंय. माझं नाव घातलंस की कोणाला बोलायला जागा नाय. आणि सभेत वाचायचंस तूच.”
ते गेल्यावर आई म्हणाली, “भावजींनी आयुष्यात एवढंच कमावलंय, विहाराची वीज मी आणली म्हणून. चार माणसांत ते तू खाली उतरवणार?”
म. चा निरोप: वाच. मी मागे उभी राहीन, पण मी वाचणार नाही.

२६ जाने., रविवार
सभा उद्या चारला. अर्ज पूर्ण झाला, सव्वा पान. ते वाक्य लिहिले आहे. जसे त्यांनी सांगितले तसेच, एकही शब्द मऊ न करता. दार लावून मोठ्याने वाचून पाहिले. बाकी सर्व नीट येते. त्या वाक्यापाशी अडखळते, पुन्हा पहिल्यापासून वाचते. उद्या काका पुढच्या रांगेत असतील, आणि मला मान वर करून ते त्यांच्यासमोरच वाचायचे आहे. वाचेन.